वांगी रंगाचा यो-यो

आमच्या घरात एक यो-यो आहे. रंग वांगी. म्हणजे आमच्या जळगावकडच्या भरताच्या हिरव्या वांग्याचा नव्हे, उरलेल्या जगाच्या वांग्याचा. अ‍ॅल्युमिनियमचा आहे. दोन उथळ वाट्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तसा आकार, आणि मधल्या फटीत छर्‍यांचं एक चिमुकलं बेअरिंग. दोरी त्या बेअरिंगभोवती नुसती अडकवलेली असते, बांधलेली नसते. वरून तो चकचकीत नाही. बोट फिरवलं की बारीक रव्यावरून फिरवल्यासारखं लागतं. पौषातल्या सकाळी हातात घेतला तर असा गार की तळहात मागे घ्यावासा वाटतो. दिसतो त्यापेक्षा जड लागतो, आणि ते वजन सगळं कडेला आहे, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते तसं. म्हणून एकदा फिरायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. मी धुळ्याला देवपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा हे सगळं मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. फळ्यावर ठाऊक होतंही. हातात घेतल्यावर मात्र मी पाटी कोरी घेऊन बसलेल्या पोरीसारखी त्याच्याकडे बघत राहिले.

यो-यो माझ्या मुलीचा. हॉस्टेलात असताना तिला हा नाद लागला. सुट्टीत घरी आली की अंगणात उभी राहून तासन्‌तास खेळायची आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची की बाई, हे चाक फिरवून पोट भरणार आहे का. पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिने जुना यो-यो टेबलाच्या खणात ठेवला, आणि तो तिथेच पडून राहिला.

मी त्याच्यापर्यंत पोचले ती पडल्यामुळे. थंडीचे दिवस होते, मोरीत साबणाचं पाणी होतं, आणि मी घाईत होते. घाईत नसते तर ती मी कसली. उजव्या हातावर पडले आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं ते शिवरात्र झाल्यावर. प्लास्टरच्या आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेना. बारीक, कोरडा, आणि आखडलेला. बोटं वळत होती, पण तळहात वर करायला सांगितलं तर तो अर्ध्यावर येऊन थांबायचा. हात पुढे करून कुणी प्रसाद ठेवला असता तर घरंगळून खाली पडला असता.

व्यायाम शिकवणार्‍या बाई चांगल्या होत्या. त्यांनी एक स्पंजचा चेंडू दिला, एक लाटणं हातात धरून डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगितलं. रोज करा, म्हणाल्या, कंटाळा करू नका. मी दोन्ही गोष्टी कबूल केल्या आणि दोन्ही मोडल्या. वर्गात पोरांना अभ्यासाचं सातत्य सांगणारी मी, लाटणं चार वेळा फिरवून ठेवून द्यायची. दुखायचंही फार. नवरा विचारायचा, झाला का व्यायाम, आणि मी म्हणायची, झाला.

पण हात सुटला नाही तर माझं काय जाणार होतं ते नवर्‍यालाही नीट कळलेलं नव्हतं. खडू डाव्या हाताने धरता येतो. भाजी चिरायला नवरा आहे. माझा जीव अडकला होता आखाजीत.

अक्षय्य तृतीया बाकी महाराष्ट्रात सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्या खानदेशात ती आखाजी, आणि आखाजी लेकींची. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खातात-पितात. माझं माहेर यावलजवळ, केळीच्या बागांत. तिथे आखाजीला मांडे होतात. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ मळून, आपटून इतकं मऊ करायचं की ओढलं तर तार यावी. त्यात पुरण भरून थोडं लाटायचं, आणि मग ते दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवत वाढवत न्यायचं. तळहात वर, तळहात खाली, परत वर. मांडा पातळ होत कोपरापर्यंत लोंबायला लागला की एका अंदाजाने चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. आमच्या घरात ही कला आईच्या हातात होती आणि तिच्याकडून ती फक्त माझ्याकडे आली. धाकट्या भावाची बायको, माझी वहिनी, बाकी सगळ्यात माझ्यापेक्षा सरस, पण मांडा तिने कधी हातावर घेतला नाही. ती म्हणायची, अक्का आहेत ना.

आई गेल्यापासून दरवर्षी आखाजीच्या पंधरा दिवस आधी भावाचा फोन येतो. त्याचं वाक्य ठरलेलं. "अक्का, मांडे कव्हा खाऊ घालते?" एवढंच. मी लटकं रागवायची, की तुला बहीण नको, आचारी पाहिजे. तो हसायचा आणि मी बॅग भरायची. आई-वडील नसलेल्या बाईला माहेर म्हणजे शेवटी भावाचं घर, आणि भावाच्या घरी आपण रिकाम्या हाताने बसायला जात नाही, ही माझी समजूत. मी मांडे करते म्हणून मला बोलावणं येतं. असं कुणी मला सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवून टाकलं होतं, आणि मी ठरवलं की ठरलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आई मला उगाच म्हणायची नाही.

त्यामुळे हात आखडलाय हे मी माहेरी सांगितलंच नाही. फोनवर भावाने विचारलं की मी म्हणायची, अगदी पहिल्यासारखा आहे.

एक दिवस खणात चष्म्याचं घर शोधताना यो-यो हाताला लागला. दोरीचा फास मधल्या बोटात घातला आणि मुलीला करताना पाहिलं होतं तसा दंड वर करून खाली सोडला. तो जरा तिरकाच खाली गेला, दोरीच्या टोकाशी थांबला आणि फिरत राहिला. बारीक घूं असा आवाज. दोरीतून बोटाला त्याचा कंप कळत होता, झोपलेल्या मांजरावर हात ठेवल्यावर कळतो तसा. मी तो वर यायची वाट बघत उभी. तो येईना. हिसका दिला, तरी येईना. लहानपणी जत्रेत मिळायचा तो प्लास्टिकचा यो-यो आपोआप वर यायचा, नाही आला तर पैसे वाया. हा बराच वेळ फिरला, मंदावला आणि दोरीला नुसता लटकून राहिला.

रात्री मुलीचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, तुझा यो-यो बिघडलाय, परत येत नाही. ती इतकी हसली की तिला बोलता येईना.

"आई, तो तसाच असतो. आपोआप येत नाही. त्याला बोलवावं लागतं."

मग तिने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. खाली फिरत असताना दोरीचा एक पदर दुसर्‍या हाताने त्याच्या फटीत सरकवायचा आणि किंचित सैल सोडायचा. फटीतल्या रबरी चकत्या दोरी पकडतात आणि यो-यो सरसर वर येतो, थेट तळहातात. न येण्याची सोय मुद्दाम केलेली असते, म्हणजे तो खाली भरपूर वेळ फिरतो आणि आपल्याला त्याच्याशी खेळता येतं. ऐकायला सोपं. करायला गेले तर दोरी फटीत जाईना, गेली तर यो-यो भलतीकडे उसळून बोटांच्या हाडांवर येऊन आपटायचा.

पण तेवढ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. यो-यो फेकायला आधी तळहात स्वतःकडे, वर करून धरावा लागतो. फेकला की हात उलटा करायचा, आणि तो परत आला की झेलायला तयार ठेवायचा. तळहात वर, तळहात खाली. व्यायामाच्या बाई लाटण्याने जे करवून घेत होत्या, मांडा जे मागतो, तेच. दुसर्‍या दिवशी मी यो-यो त्या बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी तो हातात तोलला, मला एकदा फेकायला लावला आणि म्हणाल्या, हाड जुळलंय, चालेल, पण दुखलं की थांबायचं.

त्या दिवसापासून शाळेतून आले की मी अंगणात. सुरुवातीला हात अर्धाच वळायचा, त्यामुळे यो-यो तिरका जायचा आणि दोरीला कलंडून गुरफटायचा. लाटण्याने माझी चूक मला कधी दाखवली नव्हती, हा दर वेळी दाखवायचा. सरळ गेला तर हात वळलाय, कलंडला तर नाही. मास्तर म्हणून चोख. मला त्याचा रागही यायचा आणि तरी मी पुन्हा दोरी गुंडाळायची. लाटण्याच्या बाबतीत हे कधी झालं नसतं.

आमच्या शेजारी नाना राहतात, एसटीतून निवृत्त झालेले, बोलणं सगळं अहिराणीत. ते फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि बघायचे. मग एकदा राहवलं नाही त्यांना.

"हाई काय शे व माय?"

"व्यायाम आहे नाना. हाताचा."

"बरं शे," ते म्हणाले आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

सरकवली ते बरं झालं. कारण पुढे दोरी झिजली. यो-योची दोरी झिजतेच, पण ती धुळ्यात कुठे मिळेना. शिंप्याचा दोरा बारीक पडला, मांजाने बोट कापलं. मुलगी म्हणाली, मी पाठवते, चार दिवस थांब. चार दिवस थांबायला माझ्याकडे धीर कुठे होता. आखाजी जवळ येत चालली होती. आणि मी केळीवाल्याची लेक. आमच्याकडे काहीही बांधायचं असलं, भाजीची जुडी, फुलांची माळ, फुटलेल्या टोपलीचा काठ, की दोरी शोधत नाहीत, केळीच्या खांबाचं सोपट, म्हणजे वरचं सालपट, ओढतात. परसात माझी एक केळ आहेच. वाळलेलं सोपट काढलं, भिजवलं, त्याचे धागे सोडवून मांडीवर पीळ दिला. एका हाताने पीळ देताना दात आणि पायाचा अंगठाही कामाला लावला. दोरी अशी सुरेख झाली की मी तिचा फोटो काढून मुलीला पाठवला. तिने लगेच लिहिलं, आई नको. तोवर मी अंगणात उभी होते.

पहिल्या दोन-तीन फेकी झकास गेल्या. मग अंगात आलं आणि जोरात फेकला. सोपट बोटापाशी तुटलं. यो-यो मोकळा सुटला, फरशीवर आपटला, उसळला आणि कुंपणावरून नानांच्या लोखंडी फाटकावर असा वाजला की गल्लीतल्या दोन घरांतून माणसं बाहेर आली.

नानांनी तो उचलून फुंकर मारली आणि माझ्या हातात आणून दिला. "आज मी वाचनू," एवढंच म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण, ते हे. यो-योच्या कडेला एक खोक पडली होती, तांदळाएवढी, वांगी रंग उडून आतलं पांढरं दिसणारी. मुलीची दोरी आल्यावर फेकून पाहिला तर तो फिरत होता, पण आता त्याचा कंप वेगळा होता. पूर्वी मऊ, आता किंचित खडखडता. मला फार वाईट वाटलं. तिची जपलेली वस्तू. तिला कॅमेर्‍यासमोर धरून दाखवली तर ती म्हणाली, माझ्याकडे असतानाही पडलाच असता ग, सगळ्यांचेच पडतात, चालतो ना, मग झालं. आईकडून एवढ्या सहज माफी मला कधी मिळाली नव्हती. माझी लेक माझ्यापेक्षा बरी निपजली याचा तेव्हा फार आनंद झाला, तो इथे सांगून टाकते.

चैत्र निम्मा सरला तेव्हा एका संध्याकाळी तो सरळ गेला, खाली स्थिर फिरला, दोरी फटीत बरोबर बसली, आणि तो वर येऊन थाप देत तळहातात बसला. मी हाताकडे पाहिलं. तळहात आकाशाकडे होता, पुरता नाही, पण एखादा लाडू नक्की राहील इतका. मी पुन्हा केलं. पुन्हा आला. नाना म्हणाले, "हात बठ्ठा मोकळा व्हयना का?" मी म्हटलं, थोडा राहिलाय नाना. आणि घरात जाऊन कणीक भिजवली.

मांड्याची नव्हे, साधीच. हातावर घेऊन झुलवून पाहिली. जरा वाढली की उजव्या हाताकडून फाटायची. रोज फाटायची. उजवा हात तिला घ्यायला वेळेवर पोचत नव्हता.

त्यात यंदा भावाचा फोन आलाच नाही. पंधरा दिवस उरले, आठ उरले, फोन नाही. आला तो वहिनीचा. "अक्का, आखाजीले येजा. वाट पाहतो." मांड्यांचा शब्द नाही. मी वाट पाहिली की आता म्हणेल, मग म्हणेल. तिने फोन ठेवला. मी नवर्‍याला म्हटलं, त्यांना कळलंय, आता मी कशाला हवी आहे तिथे. तो म्हणाला, तुला बोलावलंय तरी तू रडतेस. पुरुषांना काय कळतं, असं म्हणून मी बॅग भरली आणि तळाशी यो-यो टाकला.

जळगावला गाडी बदलून यावलला उतरले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. वाटेत दोन्ही बाजूंना बागा, पाटाच्या पाण्याचा वास. तो पिकाबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, मांड्यांबद्दल नाही. घरी पोचले तर परसात चूल पेटलेली, तिच्यावर आईचं खापर पालथं घातलेलं, आणि वहिनी परातीपुढे बसून कणीक आपटत होती. मी पदर खोचला आणि तिच्याकडे निघाले.

"तुम्ही तिकडे पाटावर बसा अक्का," ती म्हणाली.

"हात बरा आहे माझा."

"नही बरा. मले माहीत हाये." मुलीने मामीला सगळं कधीचंच सांगितलेलं होतं. होळीपासून वहिनी रोज थोडी कणीक भिजवून मांड्याचा हात बसवत होती, आणि भावाने ते सगळे मांडे मुकाट्याने खाल्ले होते; जाड, फाटके, कच्चे, सगळे. फोनवर मांड्यांचा विषय काढायचा नाही, अशी त्याला ताकीद होती.

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

वहिनीने हात थांबवला नाही. "आई गेल्यापासून दर आखाजीले तुम्ही या चुलीपुढे बसल्या. बाकीच्या लेकी झोक्यावर, अन्‌ तुम्ही धुरात. मले कव्हाची लाज वाटे. मांड्यासाठी बलावतो का आम्ही तुम्हाले? माहेरवाशीण माहेरी चुलीपुढे बसत नही."

मी पाटावर बसले. तिने मांडा हातावर घेतला. तो वाढला, थोडा वाकडा वाढला, एका जागी भोक पडलं, आणि तिने तो तसाच खापरावर टाकला. पहिला मांडा माझ्या ताटात आला, वर तुपाची धार. मधे जाड होता, कडेला करपला होता. आई गेल्यानंतर माहेरी मला कुणीतरी गरम मांडा वाढायची ही पहिली वेळ. मी खाल्ला आणि रडले, आणि भाऊ म्हणाला, इतका वाईट झाला का. तेव्हा सगळेच हसलो.

दुपारी पोरी झोक्यावर गेल्यावर मी बॅगेतून यो-यो काढला. वहिनीच्या हाताचं काय चुकत होतं ते मला दिसलं होतं. उजवं मनगट ती उशिरा फिरवते, माझ्यासारखंच. दोरीचा फास मी तिच्या बोटात घातला. तिने कडेची खोक अंगठ्याने चाचपली, आणि मी दाखवलं तसा तळहात वर करून खाली सोडला. तो सरळ गेला आणि केळीच्या सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, घूं करत फिरत राहिला.

वहिनी वाट पाहत उभी राहिली. "हा तर परत येत नही अक्का."

"बोलावलं की येतो," मी म्हटलं, आणि तिचा हात माझ्या हातात घेतला.